फोटोवरची पांढरी रेघ काय सांगते?

घरच्या प्रिंटरची खरी परीक्षा घ्यायची असेल तर त्याच्यावर हळदीचा फोटो छापावा. नवरीच्या गालावर ओली हळद, हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू, मागे आंब्याच्या पानांचं तोरण, शेजारी बसलेल्या मावशीच्या गळ्यात मंगळसूत्राचे काळे मणी. एवढे रंग एका चौकटीत, आणि ते उभे करायला यंत्राकडे शाया चारच: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. सायन आकाशी निळ्याच्या जवळची, मॅजेंटा राणी रंगाच्या जवळची.

आता समजा, कागद बाहेर आला आणि त्यावर हळदच नाही. चेहरा जांभळट गुलाबी, चुडा निळा, कुंकू राणी रंगाचं. बघणारा म्हणणार, प्रिंटर गेला. पण फोटोने सांगायचं ते अगदी नेमकं सांगितलेलं आहे: पिवळी शाई कागदापर्यंत पोचलेली नाही, बाकी तिघींचं काम ठीक चाललंय. चुडा पिवळा पडला आणि चेहरा तांबूस झाला, तर सायन बंद. कुंकू पिवळं आणि चेहऱ्यावर हिरवट छटा, तर मॅजेंटा बंद. दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी, एकही स्क्रू न उघडता, नुसतं फोटोकडे बघून इतकं कळतं.

या यंत्राचं मला सगळ्यात मोठं नवल वाटतं ते हेच. शाईचा थेंब टाकीतून निघतो आणि शेवटी आपल्या डोळ्यात रंग होऊन उतरतो. त्या वाटेवर तो जिथे कुठे अडखळतो, तिथली खूण फोटोवर ठेवून जातो. ती वाट एकदा ओळखीची झाली की बिघाड वाचता येतो.

चार शायांतून सगळे रंग

कागदावर पडणारा पांढरा उजेड ढोबळमानाने तीन भागांचा धरू: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक रंगीत शाई यातला एकेक भाग गिळते. सायन लाल गिळते, मॅजेंटा हिरवा गिळते, पिवळी निळा गिळते. जे उरतं ते आपल्याला दिसतं. चुड्याच्या जागी सायन आणि पिवळी दोन्ही पडतात; लाल गेला, निळा गेला, हिरवा राहिला. कुंकवाच्या जागी मॅजेंटा आणि पिवळी पडतात. हिरवा आणि निळा गेला, लाल राहिला. म्हणजे प्रिंटर कागदावर रंग आणत नाही. पांढऱ्या कागदावरून परतणाऱ्या उजेडातला नको तो भाग काढून घेतो. तिन्ही शाया एकत्र पडल्या की तत्त्वतः काळं व्हायला हवं. प्रत्यक्षात मातकट तपकिरी होतं, म्हणून चौथी काळी शाई लागते.

ही युक्ती जुनी आहे. याकोब क्रिस्तोफ ल ब्लाँ या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच निळा, पिवळा आणि लाल अशा तीन तांब्याच्या पत्र्यांवरून रंगीत चित्रं छापून दाखवली होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हा लक्ष्मी-सरस्वतीच्या एकेका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड तयार करावा लागे आणि कागद त्या प्रत्येक दगडावर पुन्हा पुन्हा दाबावा लागे. आज टेबलावरचं यंत्र हे सारं कागद एकदाच आत घेऊन करतं.

प्रिंटरमध्ये ‘नोझल चेक’ नावाची सोय असते. ती चालवली की कागदावर चार रंगांत बारीक तुटक रेघांची जाळी उमटते. बऱ्याच प्रिंटरांत यातली प्रत्येक बारीक रेघ शाई सोडणाऱ्या एकेका छिद्राने, म्हणजे नोझलने, काढलेली असते. रेघ गायब म्हणजे ते छिद्र बंद. काळी, सायन आणि मॅजेंटा चटकन वाचता येतात. पिवळीचं अवघड होतं, कारण पांढऱ्या कागदावर पिवळी बारीक रेघ डोळ्याला जवळपास दिसतच नाही. इथे शाईचा स्वभावच मदतीला येतो. खोलीत अंधार करा, फोनच्या स्क्रीनवर पूर्ण गडद निळा रंग लावा आणि त्या निळ्या उजेडात कागद धरा. पिवळी शाई निळा उजेड गिळते, त्यामुळे न दिसणाऱ्या पिवळ्या रेघा एकदम काळपट होऊन समोर येतात. कुठली तुटली आहे ते मोजून सांगता येतं. हा प्रयोग मुलांना आवर्जून दाखवावा असा आहे. रंग म्हणजे काय, हे पुस्तकाच्या पानापेक्षा तिथे लवकर कळतं.

तेहतीस कोटी थेंब

आता आकार बघू. फोटो छापणाऱ्या चांगल्या प्रिंटरचा एक थेंब साधारण दीड ते पाच पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा अब्जावा भाग. थेंब तीन पिकोलिटरचा धरला तर एका मिलिलिटर शाईत तेहतीस कोटी थेंब होतात. आपल्याकडे देवांची संख्या सांगतात, तेवढे. अशा थेंबाची रुंदी सुमारे १८ मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा.

प्रिंटरच्या खोक्यावर १४४० गुणिले ७२० असे आकडे छापलेले असतात. त्यांचा अर्थ असा की एका चौरस इंचात थेंब टाकण्यासाठी दहा लाखांहून जास्त जागा आखलेल्या आहेत. चार बाय सहा इंचाच्या नेहमीच्या फोटोत अशा जागा जवळपास अडीच कोटी होतात, आणि त्या प्रत्येक शाईसाठी वेगळ्या. कुठल्या जागी कुठल्या शाईचा थेंब टाकायचा आणि कुठली जागा कोरी सोडायची, हे यंत्र एकेका जागेसाठी ठरवतं.

कोरी सोडायची हे महत्त्वाचं. यंत्राकडे फिकट गुलाबी शाई नाही, गव्हाळ शाई नाही. नवरीच्या गालाची कांती दाखवायला ते मॅजेंटा आणि पिवळीचे थेंब विरळ टाकतं आणि मधला कागद पांढरा राहू देतं. चांगलं भिंग घेऊन छापलेल्या गालाकडे बघा. तिथे गाल नसतो. पिवळे आणि राणी ठिपके सुटे सुटे पसरलेले असतात, त्यांत एखाददुसरा सायन. हनुवटीखाली सावली आहे तिथे सायनची दाटी वाढते. भिंग बाजूला केलं की ते सगळं मिटून पुन्हा चेहरा होतो. फूटभर अंतरावरून माणसाच्या डोळ्याला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, आणि कागदावरचा ठिपका त्याहून कितीतरी लहान असतो. फोटो कागदावर अर्धाच छापलेला असतो. उरलेला आपला डोळा पुरा करतो.

काही फोटो प्रिंटरांत सहा टाक्या असतात, त्यात फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा जादा. फिकट जागी गडद ठिपके विरळ टाकले तर ते खसखशीसारखे दिसू शकतात. फिकट शाईचे ठिपके दाट टाकता येतात, म्हणून आकाश आणि त्वचा मऊ दिसते. तेव्हा अशा यंत्रावर गडद भाग ठीक आणि फक्त गाल किंवा आभाळ रवाळ किंवा विचित्र रंगाचं आलं, तर संशय आधी या दोन फिकट शायांवर घ्यावा. चार शायांच्या यंत्रावर सगळाच फोटो रवाळ आला, तर बहुतेक वेळा छपाई ‘ड्राफ्ट’ किंवा साध्या कागदाच्या सेटिंगवर झालेली असते.

थेंब उडतो कसा

नळाची बारीक धार खाली जाता जाता थेंबांत तुटते, हे आपण रोज बघतो. ती का तुटते आणि किती मोठ्या थेंबांत तुटते, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. ते छपाईसाठी मुळीच नव्हतं. पुढे स्वीडनमधल्या रूने एल्मक्विस्ट यांना शाईच्या बारीक धारेने आलेख काढणाऱ्या उपकरणाचं पेटंट १९५१ साली मिळालं, आणि त्यातून हृदयाचे ठोके कागदावर उतरवणारं यंत्र तयार झालं. म्हणजे शाईची ही धार फोटोसाठी उडालीच नाही, ती ईसीजीसाठी उडाली. याच एल्मक्विस्टनी माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर बनवला, १९५८ साली.

हवा तेव्हाच एकच थेंब सोडायचा, ही खरी अडचण होती. ती दोन वाटांनी सुटली. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्या टेबलावर शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न लागलं आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. आत क्षणात वाफ झाली होती आणि तिने शाईला ढकललं होतं. साधारण त्याच काळात अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डमध्येही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली, आणि १९८४ साली त्यांचा थिंकजेट बाजारात आला. या जातीच्या प्रिंटरात प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात तीनशे अंशांच्या आसपास तापतो, शाईच्या पातळ थरात वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. बुडबुडा विरला की रिकाम्या जागेत नवी शाई शिरते. हे सेकंदाला हजारो वेळा.

दुसरी वाट एप्सनने धरली. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं होतं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. उलट बाजूने, अशा स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकार बदलतो. एप्सनच्या हेडमध्ये, म्हणजे छिद्रं असलेल्या भागात, छिद्रामागची भिंत याच प्रकारच्या पदार्थाची असते. विजेचा झटका मिळाला की ती मायक्रॉनहूनही कमी वाकते, आणि तेवढ्याने थेंब सुटतो.

हा फरक माहीत असला की खर्चाचा निर्णय सोपा होतो. वाफेवर चालणाऱ्या पुष्कळ स्वस्त प्रिंटरांत हेड कार्ट्रिजच्याच बुडाशी असतं, तांब्याच्या चकचकीत पट्ट्यांसकट. तिथे छिद्रं कायमची बुजली तर कार्ट्रिज बदलली की हेडही नवं मिळतं. स्फटिकाच्या प्रिंटरात हेड यंत्रातच कायमचं असतं. ते बदलणं महाग, म्हणून जपणं महत्त्वाचं. आणि वाफेच्या हेडने शाई संपल्यावरही छापत राहू नये. शाई हीटरला थंडही ठेवते. कोरडा हीटर जळतो.

छिद्राच्या तोंडाशी

फोटोवर सारख्या अंतराने आडव्या पांढऱ्या रेघा आल्या, तर थेंबाची वाट छिद्राच्या तोंडाशी अडलेली आहे. हेड डावीकडून उजवीकडे धावतं आणि कागद खाली सरकतो; एक छिद्र बंद पडलं की हेडच्या प्रत्येक फेरीत त्याची रेघ कोरी राहते. कागद ज्या दिशेने बाहेर येतो त्याच दिशेने उभी रेघ असेल, तर छिद्रांना दोष देऊ नये. तिथे रोलरवरची घाण किंवा ओरखडा शोधावा.

शाईत बहुतांश पाणी असतं, त्यात रंग, आणि पाणी लवकर उडू नये म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ. छिद्र वीसेक मायक्रॉनचं. त्याच्या तोंडाशी शाईचा जो पृष्ठभाग हवेला उघडा असतो, तिथलं पाणी सतत उडत असतं आणि दुधावर साय धरते तशी शाईवर साय धरते. थोडी साय असेल तर पुढचा थेंब ती फोडून जातो. दिवसचे दिवस छपाई झाली नाही तर तिचं बूच होतं.

यावर यंत्राची स्वतःची व्यवस्था आहे. छपाई संपली की हेड उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं आणि टोपी छिद्रांभोवती हवाबंद होते. पण हे होतं ते प्रिंटरवरचं बटण दाबून तो बंद केला तर. आपल्याकडे भिंतीवरचा स्विच बंद करून मोकळं व्हायची सवय आहे. हेड नेमकं वाटेत असताना स्विच गेला, तर ते उघडंच राहतं. छपाई चालू असताना वीज गेली तरी तेच. भारनियमनाच्या गावात प्रिंटर यूपीएसवर असावा, आणि वीज आल्यावर आधी तो चालू करून हेडला जागेवर जाऊ द्यावं. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की उघडं हेड लवकर सुकतं. कोकणातल्या जुलैत छिद्रं सहसा तक्रार करत नाहीत. तिथली अडचण कागदाची असते, ती पुढे येईल.

नोझल चेकमध्ये खंड दिसला तर ‘हेड क्लीनिंग’ एकदा चालवावं आणि पुन्हा नोझल चेक घ्यावा. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा, कारण खरं निदान इथे आहे. दोन्हींत त्याच त्याच रेघा गायब असतील, तर वाळलेली शाई आहे. पहिल्यात एक रेघ गायब आणि दुसऱ्यात ती परतली पण भलतीच गेली, असं असेल तर बहुधा शाईच्या नळीत किंवा हेडमध्ये हवा शिरली आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. स्फटिक पिकोलिटरभर शाई ढकलू बघतो आणि मधला बुडबुडा तो सगळा धक्का स्वतःत जिरवून टाकतो, थेंब सुटतच नाही. टाकी अगदी तळाशी जाऊ दिली, किंवा टाकीचा प्रिंटर उचलून आडवा नेला, की हवा हमखास शिरते.

हवेवर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे थांबणं. प्रिंटर बटणाने बंद करून रात्रभर तसाच ठेवला तर बारीक बुडबुडे हळूहळू शाईत विरघळतात किंवा वर निघून जातात, आणि सकाळी तोच प्रिंटर सरळ छापतो. वाळलेल्या शाईलाही थांबण्याचा फायदा होतो. क्लीनिंगने आलेली ताजी शाई बुचाला भिजवत राहते. म्हणून दोन-तीनदा क्लीनिंग करून फरक पडला नाही तर चौथ्यांदा, पाचव्यांदा बटण दाबू नये. प्रत्येक क्लीनिंगमध्ये पंप सगळ्या छिद्रांतून शाई ओढतो आणि ती यंत्राच्या तळाशी असलेल्या वेस्ट इंक पॅडमध्ये जाते. यंत्र त्या शाईचा हिशोब ठेवतं आणि पॅड भरल्याचा आकडा गाठला की बरीच यंत्रं छपाईच थांबवतात. अधीरपणाने चांगली शाई जाते आणि पॅडचं आयुष्यही जातं.

क्लीनिंगने काडीचाही फरक पडत नसेल तर रबराच्या टोपीकडे बघावं. तिच्या काठावर वाळलेली शाई किंवा केस अडकला असेल तर ती हवाबंद होत नाही आणि पंप शाईऐवजी हवा ओढतो. धागे न सुटणाऱ्या कापडाला डिस्टिल्ड वॉटर लावून काठ हलक्या हाताने पुसावा. बोअरचं किंवा नळाचं पाणी नको. त्यातले क्षार वीस मायक्रॉनच्या छिद्रात नवं बूच करतात.

दीड मिलिमीटरची झेप

छिद्रातून सुटलेल्या थेंबाला कागद गाठायला मिलिमीटर-दीड मिलिमीटर हवेतून जायचं असतं. वेग सेकंदाला काही मीटर; झेप सेकंदाच्या काही दहाहजारांश भागात संपते. पण तेवढ्या वेळातही हेड धावतच असतं, त्यामुळे थेंब सरळ खाली पडत नाही, हेडच्या दिशेने थोडा पुढे जाऊन पडतो. हेड उजवीकडे जाताना तो उजवीकडे सरकतो, परतताना डावीकडे. वेळ साधून दोन्ही फेऱ्यांचे थेंब एकाच जागी पाडायचे, हे यंत्राला शिकवावं लागतं. ‘हेड अलाइनमेंट’ म्हणजे ती शिकवणी. फोटोतल्या कडा दुहेरी दिसू लागल्या, डोळ्याची पापणी पुसट झाली, नोझल चेक मात्र अखंड आला, तर शाईचा काही दोष नाही. अलाइनमेंट चालवावं.

फोटोसाठी ‘हाय क्वालिटी’ निवडली की यंत्र प्रत्येक पट्टी वेगवेगळ्या छिद्रांनी अनेक फेऱ्यांत भरून काढतं. एखादं छिद्र बंद असलं तरी शेजारचं त्याची जागा बरीचशी झाकतं. घाईच्या छपाईत रेघ दिसते आणि चांगल्या छपाईत दिसत नाही, त्याचं कारण हे.

कागद काय करतो

आता थेंब कागदावर पोचला. चांगल्या ग्लॉसी फोटो पेपरवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. कणांमधल्या पोकळ्या थेंब पडताच त्यातलं पाणी शोषतात. त्या थरात धन विद्युत्भाराची रसायनं मिसळलेली असतात आणि बहुतेक डाय शायांचा, म्हणजे पाण्यात विरघळलेला, रंग ऋण भाराचा असतो. रंग जिथे पडला तिथेच चिकटतो, पाणी पुढे निघून जातं. म्हणून ठिपका ठिपकाच राहतो, पसरत नाही. कागदाची मागची बाजू अशी नसते. फोटो उलट्या बाजूला छापला गेला की शाई थेंबाथेंबाने साचते आणि बोट लागताच फराटा होतो. शंका असेल तर कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावून बघावं. छापायची बाजू बोटाला जराशी चिकटते.

काळ्याची गोष्ट वेगळी आणि फार मजेदार आहे. अनेक घरगुती प्रिंटरांत तीन रंगीत शाया डाय जातीच्या असतात, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला, आणि काळी मात्र पिग्मेंट जातीची, म्हणजे रंगाचे घन कण पाण्यात तरंगणारे. हे कण साध्या कागदाच्या पृष्ठभागावरच थांबतात, म्हणून अक्षरं गडद आणि रेखीव येतात. तेच कण ग्लॉसी पेपरच्या सूक्ष्म पोकळ्यांत शिरू शकत नाहीत. वरच बसून राहतात आणि पुसले जातात. यंत्राला हे ठाऊक असतं. ‘फोटो पेपर ग्लॉसी’ असं सांगितलं की अशी यंत्रं काळी शाई बाजूला ठेवून मंगळसूत्राचे काळे मणी तिन्ही रंगांच्या मिश्रणातून घडवतात. ग्लॉसी कागद घालून सेटिंग ‘प्लेन पेपर’च राहिलं, तर काळी पिग्मेंट शाई ग्लॉसीवर पडते आणि मणी फोटोभर फरफटतात. शाईची म्हणून सांगितली जाणारी ही तक्रार कितीदा तरी एका सेटिंगने मिटते.

पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो आणि त्याच्या कडा उचलतात. उचललेली कड हेडला घासली की फोटोच्या कोपऱ्यावर काळे डाग पडतात. कागद मूळ पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, आडवा ठेवावा आणि लागेल तेवढाच बाहेर काढावा. छापलेला फोटो काचेत घालायची घाई करू नये. वरून कोरडा वाटला तरी आतला ग्लिसरीनसारखा भाग सावकाश बाहेर पडतो. एक दिवस मोकळा ठेवला नाही तर काचेच्या आतून धुकट थर धरतो. आणि भिंतीवर लावायचा फोटो काचेतच हवा, कारण या सच्छिद्र कागदावरचा डाय रंग उन्हाने उडतो तसा हवेतल्या ओझोननेही उडतो.

थेंब बरोबर, रंग चुकीचा

नोझल चेक अखंड, कागद बरोबर, सेटिंग बरोबर, तरीही फोटो काळवंडलेला आला, तर बघा फोनचा ब्राइटनेस किती आहे. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परतवतो. ब्राइटनेस मध्यावर आणून फोटो पुन्हा पाहिला की तोही तितकाच काळोखा निघतो, आणि छापण्याआधी उजळ करायला हवा होता हे कळतं.

सगळ्या फोटोभर एकसारखी गुलाबी झाक असेल तर रंगांचं नियंत्रण दोन ठिकाणी चालू नाही ना ते तपासावं. फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर रंग दुरुस्त करतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर तेच पुन्हा दुरुस्त करतो; दोनदा झालेली दुरुस्ती हाच दोष होतो. दोघांपैकी एकाचं नियंत्रण बंद करावं. दुसऱ्या कंपनीची शाई भरल्यानंतर रंग बदलले असतील तर त्यातही गूढ नाही. ड्रायव्हरमधलं गणित मूळ शाईच्या छटेवर बसवलेलं असतं. छटा बदलली, गणित तेच राहिलं. फक्त डायच्या टाकीत पिग्मेंट शाई कधी ओतू नये. दोन्ही एकत्र आल्या की त्यांच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि मग हेड वाचवणं अवघड.

हे सगळं लक्षात ठेवायला क्रम साधा आहे. आधी फोटोकडे बघा: रंग गेला आहे, रेघ आहे, कडा दुहेरी आहेत की शाई फरफटली आहे? मग नोझल चेक. तो तुटका असेल तर क्लीनिंग, तुलना आणि धीर. तो अखंड असेल तर हेडला हात न लावता अलाइनमेंट, कागद, सेटिंग आणि स्क्रीन, याच क्रमाने.

आणि या सगळ्या बिघाडांच्या आधीचा उपाय शाईच्या स्वभावातच आहे. छिद्राच्या तोंडाशी पाणी उडत राहणारच. ते थांबवता येत नाही, फक्त तिथली शाई बदलत ठेवता येते. आठवड्याला एक छोटा रंगीत फोटो आणि साध्या कागदावर काळ्या अक्षरांच्या दोन ओळी छापल्या तर चारही शायांची सगळी छिद्रं वाहती राहतात, आणि त्याला लागणारी शाई एका जोरदार क्लीनिंगपेक्षा कमी असते. फोटोंची तर कुणाकडे वाण नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये आजीचे, पोरांचे, गावच्या घराचे शेकडो फोटो न छापता पडून आहेत. दर रविवारी त्यातला एक निवडा आणि छापा. प्रिंटरचं हेडही शाबूत राहील, आणि वर्षाअखेर घरात बावन्न फोटोंचा अल्बम झालेला असेल.